गल्लीतलं हॉटेल ही नागरी सुविधा आहे

भारताच्या राज्यघटनेत हॉटेलाचा उल्लेख आहे. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात म्हटलंय की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कुठल्याही नागरिकाला दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीची ठिकाणं यांत मज्जाव करता येणार नाही. विहिरी, तलाव, स्नानाचे घाट आणि रस्ते त्यानंतर येतात. मूलभूत हक्कांच्या भागात पाणवठ्याच्या शेजारी उपाहारगृह असावं, यामागे फार मोठा इतिहास आहे. कुणी कुणाबरोबर बसून खायचं, कुणाच्या हातचं प्यायचं, यावरच आपल्याकडे माणसाची पायरी ठरत होती.

पुण्याला तर हे वेगळं सांगायला नको. १८९० च्या ऑक्टोबर महिन्यात पंचहौद मिशन या ख्रिस्ती मिशनमध्ये एका कार्यक्रमानंतर जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि गावात गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, आणि न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्या माणसांवरही प्रायश्चित्ताची वेळ आली. तिकडे कोल्हापुरात शाहू महाराजांनी हाच प्रश्न उलट बाजूने सोडवायला घेतला. गंगाराम कांबळे या दलित माणसाला त्यांनी चहाचं हॉटेल काढायला पाठबळ दिलं. 'सत्यसुधारक' हे त्या हॉटेलचं नाव. महाराज भर रस्त्यात गाडी थांबवून तिथला चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावत. भाषणं आणि जाहीरनामे आपापल्या जागी होतेच. पण छत्रपती एका अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा पितात, हे गावाने डोळ्यांनी पाहिलं ते हॉटेलच्या दारात.

आज मुंबई-पुण्यात शहराचा विकास आराखडा होतो तेव्हा बागा, शाळा, दवाखाने, अग्निशमन केंद्रं, वाहनतळ यांची आरक्षणं पडतात. गल्लीतलं साधं हॉटेल मात्र 'व्यापारी वापर' या एका शब्दात संपतं. बँकेची शाखा, मोबाइलचं दुकान आणि इडली-मिसळीचं हॉटेल, सगळ्यांचा हिशोब एकच. मला हा हिशोब चुकीचा वाटतो. चार मित्र चारशे-पाचशे रुपयांत पोटभर खाऊन तासभर बसू शकतील असं हॉटेल पायी जाण्याच्या अंतरावर असणं, ही वाचनालयाइतकीच आणि बागेइतकीच शहराची गरज आहे. तिच्याकडे नागरी सुविधा म्हणून बघितलं पाहिजे आणि ती टिकवायची जबाबदारी महापालिकेनेही घेतली पाहिजे.

कुठल्या हॉटेलांबद्दल बोलतोय ते सांगतो. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या आसपासची दाक्षिणात्य हॉटेलं आणि खानावळी. दादरला शिवाजी पार्कच्या परिसरातली साबुदाणा वडा, थालीपीठ आणि पियूष देणारी उपाहारगृहं. धोबी तलावचं कयानी आणि पुण्यात डेक्कनचं गुडलक, १९०४ आणि १९३५ पासून चालू असलेली इराण्यांची हॉटेलं. फर्ग्युसन रस्त्यावरची वैशाली आणि रूपाली, जिथे वर्षानुवर्षं ठरलेल्या टेबलांवर ठरलेले कट्टे बसतात. ही झाली नावाजलेली. माझा जीव जास्त गुंतलाय तो ज्यांची नावं त्या वॉर्डाबाहेर कुणाला ठाऊक नसतात अशा शेकडो हॉटेलांत. आठ-दहा टेबलं, गल्ल्यावर मालक, त्याच्या मागे देवाचा किंवा वडिलांचा हार घातलेला फोटो, आणि पाट्यांवर लिहिलेलं दरपत्रक. वेटर चौघांची ऑर्डर कागदावर लिहीत नाही. निघताना तो लांबूनच गल्ल्याकडे बघून ओरडतो, "निळा शर्ट, एकशे साठ!" आणि ते एकशे साठ बरोबरच असतात.

अशा हॉटेलाचं सगळ्यात मोठं काम कुठलं म्हणाल, तर कमी-जास्त कमाईची माणसं तिथे एका टेबलावर बसू शकतात. माझ्याच मित्रांचं बघा. कॉलेजपासूनचे आम्ही पाचजण. एकजण हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर आहे, एकाचं झेरॉक्सचं दुकान आहे आणि एकजण गेली कित्येक वर्षं तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवतोय; सुट्ट्यांच्या महिन्यांत त्याच्या हाती काहीच पडत नाही. रविवारी सकाळी नारायण पेठेतल्या एका हॉटेलात आम्ही भेटतो. तिथे कॉन्ट्री काढली तर माणशी शंभर-सव्वाशे येतात, आणि ज्याला ते जड आहेत तो "मी घरून खाऊन आलोय" म्हणून चहावर भागवतो. दुसऱ्याच्या बशीतला अर्धा वडा तो उचलतो आणि कुणाच्या काही लक्षात येत नाही. कधी तोच पुढे होऊन "आज माझ्याकडे" म्हणतो आणि सगळ्यांचं बिल देतो. तेवढं बिल त्याला देता येतं, ही फार मोठी गोष्ट आहे. मध्यंतरी हिंजवडीवाल्याने उत्साहाने बालेवाडी हाय स्ट्रीटवर रात्री जेवायला जायचं ठरवलं. ग्रुपवर जागेचा फोटो पडला, मेन्यूकार्ड पडलं. तासिकावाल्याने लिहिलं, "मला त्या दिवशी जरा काम आहे." झेरॉक्सवाल्याच्या घरी नेमके त्याच दिवशी पाहुणे आले. त्या रात्री तिघेच जेवले. बिल माणशी दीड हजाराच्या पुढे गेलं आणि भरणाऱ्याला त्यात काही वावगं वाटलं नाही, वाटायचं कारणही नव्हतं.

महागड्या जागांवर माझा राग नाही. ज्याला परवडतं त्याने जावं, आनंदाने खावं. पण एखाद्या भागात तेवढ्याच जागा उरल्या तर मैत्रीसुद्धा पगाराच्या पट्टीने मोजून होते. समान पगाराचे समान पगारवाल्यांना भेटतात. शाळा आधीच वेगळ्या झाल्यात, दवाखाने वेगळे झालेत, घरांचे संकुल तर फाटकापासूनच वेगळे. वेगवेगळ्या उत्पन्नाची माणसं रस्त्यावर एकमेकांशेजारून जातात, पण एकत्र बसतात अशा जागा शहरात हाताच्या बोटांवर मोजाव्या लागतात. साधं हॉटेल त्यातलं एक.

जातीधर्माचंही तेच आहे. घर भाड्याने घेताना आडनाव विचारलं जातं, 'नॉनव्हेज खाता का' हे विचारलं जातं, आणि कित्येकांना घर नाकारलं जातं. हा अनुभव मुस्लिम आणि दलित कुटुंबांना या शहरांत रोज येतो. हॉटेलात टेबल रिकामं असलं की माणूस बसतो. शेजारी कोण आहे ते त्याला ठाऊक नसतं. गर्दीच्या वेळी वेटर दोन अनोळखी माणसांच्या समोर तिसऱ्याला बसवतो आणि तिघेही एकाच भांड्यातली चटणी घेतात. पंचहौदच्या काळात ज्यावरून वाळीत टाकलं जात होतं ते आज इतक्या सहज घडतं, आणि घटनेने उपाहारगृहाचं नाव घेऊन जो हक्क दिला तो इथे रोज कुणीही न बोलता वापरतं. त्या हक्काला जागा लागते. टेबलंच उरली नाहीत तर बसायचं कुठे?

बायकांच्या बाबतीत ही गोष्ट आणखी नाजूक आहे. पूर्वी बऱ्याच हॉटेलांत 'फॅमिली रूम' असायची. पडद्याआड बायकामुलं आणि बाहेर पुरुष. ती प्रथा गेली हे चांगलंच झालं. पण पुरुषाला बसायला पानाच्या टपरीजवळचा कट्टा असतो, मंडळाचा मांडव असतो, पारावरची जागा असते. चाळिशी-पन्नाशीतल्या मैत्रिणींनी घराबाहेर तासभर निवांत बोलायचं म्हटलं तर त्यांना स्वच्छ, उजेडाची, ओळखीची आणि स्वच्छतागृह असलेली जागा लागते. भिशीचे गट दुपारी तीन-चार वाजता उडप्याच्या हॉटेलात का भरतात, याचं उत्तर यातच आहे.

मग ही हॉटेलं बंद का पडतायत? 'लोकांच्या आवडी बदलल्या' हे कारण मला पटत नाही. रविवारी सकाळी यांतल्या कुठल्याही हॉटेलाबाहेर जाऊन बघा, नाव लिहून अर्धा तास उभं राहावं लागतं. गिऱ्हाईक आहे. जागेचं गणित बसत नाही.

जुन्या इमारतीत पागडीने किंवा भाडे नियंत्रण कायद्याखालच्या जुन्या भाड्याने चालणारं हॉटेल स्वस्त विकू शकतं, कारण त्याचं भाडं कमी असतं. इमारत पुनर्विकासाला गेली की हे सगळंच बदलतं. भाडेकरू असो की सोसायटीचा सभासद, नव्या इमारतीत हॉटेलवाल्याला जागा सहसा मिळते. अडचण बांधकामाच्या तीन-चार वर्षांत होते. तेवढ्या काळात आचारी दुसरीकडे लागतो, वेटर गावी जातात, गिऱ्हाईकाची सवय मोडते. बिल्डर भाडं देतो, ते मालकाच्या खिशात जातं आणि त्याने घर चालतं. पण भट्टी चार वर्षं बंद राहते. इमारत उभी राहते तोवर मालक साठीत पोचलेला असतो आणि मुलगा दुसऱ्या धंद्यात. आणि जो जिद्दीने परत येतो त्याला नव्या इमारतीत धूर बाहेर न्यायला मार्गच ठेवलेला नसतो. वरच्या मजल्यांवरचे रहिवासी वासाची, उंदरांची, दारातल्या दुचाक्यांची तक्रार करतात. त्या तक्रारी खोट्या नसतात, पण नकाशा काढतानाच विचार केला असता तर त्यातल्या बऱ्याच उद्भवल्याच नसत्या. शेवटी ती जागा बँकेला किंवा सलूनला जाते, कारण तिथे ना धूर ना पाणी.

करांची भानगडही समजून घ्यायला हवी. नोव्हेंबर २०१७ पासून साध्या उपाहारगृहांवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यावर इनपुट क्रेडिट मिळत नाही, म्हणजे धंद्यासाठी घेतलेल्या गोष्टींवर भरलेला कर त्यातून वजा होत नाही. गिऱ्हाईकाला दर कमी दिसतो. पण व्यापारी जागेच्या भाड्यावर १८ टक्के कर लागतो आणि तो हॉटेलवाल्याला कुठेच वळता करून घेता येत नाही. म्हणजे जितकी जास्त जागा तितका जास्त भुर्दंड. शंभर चौरस फुटांत चूल टाकून फक्त पार्सल देणाऱ्याला हा फटका थोडका बसतो, वीस टेबलं मांडणाऱ्याला पुरता बसतो. कर लावणाऱ्यांच्या मनात असं काही नसेलही, पण परिणाम तोच: बसायला जागा देणं ही धंद्यातली सगळ्यात महागडी गोष्ट होऊन बसली आहे. नवीन चहावाले बघा ना. बहुतेकांकडे खुर्ची नाही. उभ्याने प्या, कप टाका, निघा. जुन्या अमृततुल्यात निदान दोन बाकं तरी असायची.

घरपोच जेवण मागवण्याची सोय मला नकोशी वाटत नाही. आजारी माणसाला, एकट्या म्हाताऱ्याला, उशिरा सुटणाऱ्या परिचारिकेला तिचा आधार आहे. पण तिच्यावर उभी राहिलेली फक्त स्वयंपाकघरं, जिथे पाटी नाही, दार नाही, टेबल नाही, ती हॉटेलची जागा भरून काढू शकत नाहीत. दम आलूची चव तीच राहील. दम आलू खाताना भेटणारा माणूस मिळणार नाही.

आता यावरचे आक्षेप. पहिला आक्षेप हॉटेलवाल्यांचाच असतो आणि तो रास्त आहे. एक चहा घेऊन दीड तास बसणारं टोळकं त्यांना परवडत नाही. 'खाणे झाल्यावर गप्पा मारत बसू नये' ही पाटी उगाच लागत नाही. दुपारी एक ते दोन या वेळात टेबल किती वेळा फिरतं यावर त्याच्या महिन्याचा हिशोब असतो. बसायचा हक्क मागणाऱ्याने गर्दीच्या वेळी उठायची रीतही पाळली पाहिजे. सकाळी अकरा किंवा दुपारी चारला टेबलं रिकामी असतात, तेव्हा बसा. दर अर्ध्या तासाला काहीतरी मागवा. वेटरला टीप ठेवा. आणि कुणी उभं आहे असं दिसलं तर त्याला जागा द्या.

दुसरा आक्षेप मला जास्त अस्वस्थ करतो. ही स्वस्ताई कुणाच्या जिवावर होती? जुन्या हॉटेलांच्या आठवणी काढताना आपण टेबल पुसणाऱ्या पोऱ्याला विसरतो. हॉटेलं आणि ढाब्यांत १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला सरकारने १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी घातली. त्याआधी आपण जो चहा पीत होतो तो कित्येकदा दहा-बारा वर्षांच्या मुलाने आणून दिलेला असायचा. आजही कामगार माळ्यावर झोपतात, आठवड्याची सुट्टी कागदावर असते. म्हणून मी जी मदत मागतोय ती विनाअट मागत नाही. ज्या हॉटेलला सवलत द्यायची त्याने किमान वेतन, साप्ताहिक सुट्टी आणि झोपायची माणसासारखी जागा दिलीच पाहिजे. स्वस्त जेवणाची किंमत जागेच्या भाड्यातून आणि करातून कमी करता येते. कामगाराच्या पगारातून ती कमी करायची गरज नाही.

तिसरा आक्षेप: खाजगी धंद्याला सरकारने का मदत करावी? पण सरकार खाण्याच्या व्यवस्थेत आधीपासून आहेच. १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर आली, २६ जानेवारी २०२० ला १० रुपयांची शिवभोजन थाळी आली. दोन्हींमागचा हेतू भुकेचा होता आणि तो योग्यच होता. झुणका-भाकर केंद्रांचं पुढे काय झालं तेही आपण पाहिलं: मोक्याच्या जागा मिळाल्या, योजना बंद पडली आणि बऱ्याच टपऱ्यांवर भलतंच काही विकलं जाऊ लागलं. त्यातून शिकायचं ते एवढंच, की सवलत माणसाला किंवा जागेला देऊन सोडून देऊ नये, वापराशी बांधावी. टेबलं काढली की सवलत संपली. सिंगापूरने तर १९७० च्या दशकापासून रस्त्यावरच्या खाद्यविक्रेत्यांसाठी सरकारी खर्चाने बसून खायची केंद्रं बांधली. पाणी, मोऱ्या, टेबलं सगळं सरकारचं, रांधणारे खाजगी. २०२० मध्ये युनेस्कोने ती खाद्यसंस्कृती आपल्या वारशाच्या यादीत घेतली. आज तिथे कारकून आणि बँकेचा अधिकारी एकाच बाकावर बसून जेवतात. आपल्या महापालिकांकडे मंडया आहेत, शाळांच्या रिकाम्या इमारती आहेत, उड्डाणपुलांखालच्या जागा आहेत. बांधकामाच्या काळात विस्थापित झालेल्या हॉटेलला त्याच वॉर्डात तीन-चार वर्षं तात्पुरती जागा द्यायला यातलं काहीतरी नक्कीच सापडेल.

वारसा म्हणून इमारतीची कमान आणि लाकडी जिना जपायची मागणी सगळे करतात. आतला धंदा जपायची कुणी करत नाही. मुंबईच्या जहांगीर कलादालनातलं समोवार हे उपाहारगृह १९६४ पासून चित्रकारांचं, कवींचं, फुकट्या विद्यार्थ्यांचं बसायचं ठिकाण होतं. २०१५ च्या मार्चमध्ये ते बंद झालं. कलादालन जागच्या जागी आहे, भिंतीवर चित्रंही लागतात. पण चित्र पाहून बाहेर आलेला हातात पैसे नसलेला मुलगा ज्याच्यासमोर बसून वाद घालायचा तो चित्रकार आता त्याला कुठे भेटणार?

महापालिकेने आधी एक यादी करावी. वीस वर्षांहून जास्त काळ चालू असलेली, बसून खायची सोय असलेली, बेताच्या दराची उपाहारगृहं वॉर्डनिहाय नोंदवावीत. या यादीतल्या हॉटेलांना मिळकत करात बिगरनिवासी दरापेक्षा वेगळा, कमी टप्पा द्यावा. समोरच्या मोकळ्या जागेत चार टेबलं मांडायची परवानगी चालण्याची वाट सोडून, ठरलेल्या वेळेपुरती आणि ठरलेल्या शुल्कात रीतसर मिळावी. आज ती मिळत नाही म्हणून टेबलं चोरून मांडली जातात, मग कारवाई होते आणि ती पुन्हा मांडली जातात. जीएसटीचा प्रश्न जीएसटी परिषदेत सोडवावा लागेल, पण बसायची सोय असलेल्या छोट्या उपाहारगृहांना भाड्यावरच्या कराचं क्रेडिट घेण्याचा पर्याय मिळावा अशी मागणी राज्य सरकारने तिथे मांडायला हरकत काय?

आणि हे सगळं होईपर्यंत सोसायट्यांना आजच करता येण्यासारखं काम आहे. पुनर्विकासाच्या सर्वसाधारण सभेत कार्पेट एरिया किती, कॉर्पस किती, पार्किंग किती यावर रात्र जाते. त्याच सभेत एकाने उठून विचारावं की तळमजल्यावरचं हॉटेल कुठे जाणार आणि परत कधी येणार. त्याचं उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावं. धूर गच्चीपर्यंत नेणारी वेगळी नळी, ओल्या कचऱ्याची बंदिस्त खोली आणि हॉटेलसाठी स्वतंत्र पाण्याची टाकी, या तीन गोष्टी नकाशा मंजुरीला जाण्याआधीच त्यात दाखवून घ्याव्यात. स्लॅब पडल्यावर त्या घालता येत नाहीत.